माणूस तोच, वागणं अनोळखी : डिमेन्शिया आणि बदललेल्या स्वभावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृती, विचार आणि वागणं हळूहळू बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराच्या, रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसोबत काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. औषध कोणतं, तपासणी कोणती असे प्रश्न त्यात थोडे असतात. बहुतेकांची सुरुवात एकाच वाक्याने होते : "आई अशी नव्हती हो." २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या घरातला नाही. तुमचा प्रश्न नेमका सापडला नाही तर उत्तरात दिलेल्या दुसऱ्या क्रमांकावर जाऊन पाहा.

१. विसरायला होतं हे समजतं. पण डिमेन्शियात स्वभाव कसा काय बदलतो?

कोणापुढे काय बोलावं, राग कधी गिळावा, समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला की आवाज कसा खाली आणावा, यालाच आपण स्वभाव म्हणतो. हे सगळं मेंदूच चालवतो. कपाळामागचा भाग वागण्याला आवर घालतो. कानशिलांच्या आतला भाग भीती, ओळख आणि भावना सांभाळतो. डिमेन्शियात या भागांतल्या पेशी हळूहळू मरतात. आधी कुठल्या मरतात, त्यावर आधी काय बिघडणार ते ठरतं.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिच्याच आजाराची हकीकत डॉ. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये मांडली आणि पुढे डिमेन्शियाच्या त्या प्रकाराला त्यांचंच, अल्झायमर, हे नाव मिळालं. तिच्या बाबतीत सर्वांत आधी डोळ्यांत भरलं ते लक्षण होतं नवऱ्यावरचा संशय. विसरणं नंतर आलं. म्हणजे या आजाराची पहिली नोंदच बदललेल्या स्वभावाची आहे.

२. साधारण कोणते बदल दिसतात?

चिडचिड, संशय, भीती, हट्ट, लाजलज्जा सुटणं, एकच गोष्ट दिवसभर करत राहणं, विनाकारण रडू येणं. यांचा त्रास घरात सगळ्यांना होतो, म्हणून ते लगेच लक्षात येतात.

सर्वांत जास्त आढळणारा बदल मात्र गप्प असतो. तो म्हणजे औदासीन्य. भजनी मंडळात पुढे बसणारी आजी मंडळात जाणं बंद करते. क्रिकेटसाठी जेवण थंड होऊ देणारे आजोबा चालू टीव्हीसमोर भिंतीकडे बघत बसतात. घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झाले. किंवा वाटतं, आळस आला. हे नैराश्यासारखं दिसतं, पण नैराश्यात दुःख असतं. इथे मनातून काही करावंसं वाटण्याची कळच बंद पडलेली असते. "उठा, काहीतरी करा" म्हणून उपयोग होत नाही. शेंगांची परडी समोर ठेवून आपण स्वतः सोलायला बसलो तर हात आपोआप चालू लागतात, असा बऱ्याच घरांचा अनुभव आहे.

३. म्हातारपणी माणूस हट्टी होतोच. साठी बुद्धी नाठी म्हणतातच ना?

म्हणतात, आणि त्या म्हणीमुळे कितीतरी लोकांचं निदान वर्षानुवर्षं लांबतं. वय वाढलं की आधीचा स्वभाव थोडा घट्ट होतो, काटकसरी माणूस आणखी काटकसरी होतो. आयुष्यभर पै-पै जपणारा माणूस फोनवरच्या अनोळखी आवाजाला पन्नास हजार पाठवत असेल, तर तो वयाचा परिणाम नव्हे. तीन गोष्टी पाहा. हे वागणं त्यांच्यासाठी नवं आहे का? सहा महिन्यांत वाढलंय का? त्यामुळे रोजचं काही अडतंय का, म्हणजे हिशेब, स्वयंपाक, नातेसंबंध? तिन्हींचं उत्तर हो असेल तर डॉक्टरांकडे जा.

४. सासूबाई परवापर्यंत ठीक होत्या. दोन दिवसांत एकदम भलतंच बोलायला लागल्या. डिमेन्शिया इतका झपाट्याने येतो का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. तासांत किंवा दोन-चार दिवसांत झालेला बदल म्हणजे बहुतेक वेळा डेलिरियम (शरीरातल्या दुसऱ्या बिघाडामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ), आणि त्यावर तातडीने उपचार लागतात. कारणं साधी असतात : लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, शरीरातलं पाणी कमी होणं, आठवडाभराचा बद्धकोष्ठ, नवी सुरू झालेली गोळी, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन. वयस्कर माणसाला अशा वेळी ताप येईलच असं नाही. कधी बडबड वाढते, तर कधी उलट माणूस नुसता झोपून राहतो, आणि ते जास्त सहज नजरेतून सुटतं.

ज्यांना आधीच डिमेन्शिया आहे त्यांना डेलिरियम लवकर होतो. म्हणून "आजार वाढला असेल" असं गृहीत धरून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

५. स्वभाव बदलला म्हणजे डिमेन्शियाच का? बरं होण्यासारखं काही असू शकतं?

असू शकतं, आणि ते आधी तपासायला हवं. बी१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हमखास पाहावी), थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेच्या किंवा लघवी रोखण्याच्या काही गोळ्या, दारू. पडल्यानंतर काही आठवड्यांनी डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त. मेंदूत पाणी वाढण्याचा एक प्रकार, ज्यात चाल बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही आणि विचार मंदावतो. कमी ऐकू येणं आणि मोतीबिंदू यांनीही माणूस संशयी, एकलकोंडा होतो. रक्ततपासणी आणि मेंदूचा स्कॅन न करता कोणी "वयच झालंय" म्हणून परत पाठवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

६. डॉक्टरांसमोर आई इतकी छान बोलली की मीच खोटी ठरले. अमेरिकेतल्या भावालाही फोनवर ती ठणठणीत वाटते.

हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. पाहुण्यांसमोरचं बोलणं, "बसा, चहा घेणार ना", "मुलं काय म्हणतात", हे आयुष्यभर घोटलेलं असतं आणि ते शेवटपर्यंत टिकतं. दहा मिनिटं सगळी शक्ती एकवटून माणूस ते निभावतो आणि घरी आल्यावर कोसळतो. लांबच्या भावंडाला नेमकी ती दहा मिनिटं ऐकू येतात.

वाद घालू नका. दोन आठवडे वहीत लिहा : तारीख, वेळ, काय झालं, त्याआधी काय झालं होतं. ती वही डॉक्टरांना आत जाण्याआधी द्या. भावाला सांगा, पुढच्या सुट्टीत आठ दिवस ये आणि रात्रीही आईच्याच खोलीत झोप.

७. बाबांना काही झालंय हे त्यांना मान्यच नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की चिडतात.

ते नाकारत आहेत असं आपल्याला वाटतं. खरं तर मेंदूचा जो भाग "माझं काहीतरी चुकतंय" हे ओळखतो, तोच अनेकदा या आजारात निकामी होतो. पुराव्यांनिशी पटवत बसलात तर त्यांच्या लेखी तुम्ही विनाकारण आरोप करणारे ठरता. त्यांना स्वतःला जी तक्रार मान्य आहे ती धरा : झोप लागत नाही, गुडघे दुखतात, पेन्शनीसाठी तपासणी करायचीय. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांना आधी फोन करून सगळं सांगा. त्यांच्या शब्दाला मान असतो.

८. माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. विसरत काहीच नाहीत. पण कोणाच्या दुःखाचं त्यांना काही वाटेनासं झालंय, गोड प्रचंड खातात, कुठेही काहीही बोलतात. समुपदेशक म्हणतात, वैवाहिक प्रश्न आहे.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची, म्हणजे कपाळामागच्या आणि कानशिलांच्या आतल्या भागांपासून सुरू होणाऱ्या प्रकाराची, शंका घ्यायलाच हवी. हा आजार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि त्याच्या एका मोठ्या प्रकारात स्मृती सुरुवातीला शाबूत असते. जाते ती माया, लाज, आणि काय शोभतं याची जाण. प्राग शहरातल्या डॉ. अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाचं वर्णन केलं होतं. २०२३ मध्ये अभिनेता ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने त्यांना हाच आजार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

घरात तो कसा दिसतो, तर असा. सांत्वनाला गेल्यावर मोठ्याने हसणं. मुलीला ताप असताना "माझा चहा कुठाय" एवढंच विचारणं. जिलबीचा पुडा उभ्या उभ्या संपवणं. रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी, पावसातही फेरी मारणं. बायकोला वाटतं यांचं आपल्यावरचं मन उडालं. ऑफिसात वाटतं माणूस बेजबाबदार झाला. निदान मानसिक आजाराचं होतं, किंवा कसलंच होत नाही, आणि तोवर नोकरी गेलेली असते, कर्ज झालेलं असतं, कधी कधी घटस्फोटाचा अर्जही गेलेला असतो. मला या साऱ्यात सर्वांत जास्त खुपतं ते हेच. आजार थांबवणारं औषध नाही, पण वेळेत निदान झालं तर संसार तरी वाचतो.

न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि "विसरतात" असं न सांगता "वागणं बदललंय" असं सांगा. सुरुवातीला एमआरआय ठीक येऊ शकतो, तेवढ्यावर शंका सोडू नका. नोकरीवर असतील तर घाईने राजीनाम्यावर सही होऊ देऊ नका. सरकारी सेवेत असलेल्यांना नोकरीत असताना अपंगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २० संरक्षण देतं. ते तुमच्या बाबतीत कसं लागू होईल हे आधी वकिलाला विचारा. पैशांबद्दल प्रश्न २५ पाहा, औषधांबद्दल १९.

९. आजोबांना कोपऱ्यात मुलं बसलेली दिसतात. एखाद्या दिवशी मात्र अगदी तल्लख असतात. हे कुठल्या प्रकारात येतं?

लख्ख दिसणारी माणसं किंवा प्राणी, दिवसागणिक बदलणारी हुशारी, हळू झालेली चाल, आणि झोपेत ओरडणं, लाथा झाडणं : हे एकत्र असेल तर लुई बॉडी डिमेन्शिया असू शकतो. झोपेतली ही लक्षणं कधी कधी बाकीच्यांच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतात. दिसणारी मुलं त्रास देत नसतील तर "तिथे कोणी नाही" म्हणून भांडू नका. "मला दिसत नाहीत, पण मी आहे इथे" एवढं पुरतं. औषधाचा एक मोठा धोका याच प्रकारात आहे, तो प्रश्न १९ मध्ये.

पक्षाघाताच्या झटक्यांनंतर येणाऱ्या प्रकारात बदल पायरी-पायरीने होतो. क्षुल्लक कारणावरून हुंदके येतात आणि लगेच थांबतातही.

१०. सासूबाई सगळ्यांना सांगतात की सुनेने पाटल्या चोरल्या. मी त्यांचं सगळं करते, तरी माझ्यावरच आळ?

तुम्ही करता म्हणूनच. जो माणूस सतत जवळ असतो त्याच्यावरच संशय जातो, मग ती सून असो, मुलगी असो की ब्यूरोकडून आलेल्या मावशी. वस्तू आपण स्वतः ठेवली ही आठवण पुसली गेलेली असते. वस्तू जागेवर नाही, एवढंच डोळ्यांना दिसतं. त्यांच्या बुद्धीला उरलेला एकमेव तर्क म्हणजे चोरी. आणि मुळात वस्तू लपवली जाते तीच "चोरी होईल" या भीतीने.

"मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या" या वाक्याने आग भडकते. त्याऐवजी, "पाटल्या सापडत नाहीत? अरे देवा. चला, दोघी मिळून शोधू." लपवण्याच्या जागा प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात : तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागे, जुन्या साड्यांची घडी. त्या एकदा कळल्या की शोध लवकर संपतो. सापडल्यावर शक्यतो त्यांच्याच हाताला लागू द्या. खरे दागिने आधीच लॉकरमध्ये हलवा आणि पर्स, चष्म्याचं घर अशा ज्या गोष्टी रोज हरवतात त्यांची हुबेहूब दुसरी जोडी घेऊन ठेवा.

आणखी दोन गोष्टी. शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना आजाराबद्दल उघड सांगा, म्हणजे आळ तुमच्यावर चिकटणार नाही. हे सांगायचं काम नवऱ्याने करायचं, सुनेने नाही. आणि कधीमधी चोरी खरीच झालेली असते, तेव्हा तक्रार पूर्णपणे उडवूनही लावू नका.

११. आई मला म्हणते, "तू माझ्या मुलीसारखी दिसतेस, पण ती नाहीस." ओळखतच नाही असं नाही. मग हे काय?

चेहरा ओळखू येतो, पण तो पाहून मनात जी आपुलकी उमटायला हवी ती उमटत नाही. मेंदू त्यावरून ठरवतो की हा तोतया आहे. फ्रेंच मानसरोगतज्ज्ञ जोसेफ कापग्रा यांनी १९२३ मध्ये या भ्रमाचं वर्णन केलं. एक युक्ती कधी कधी चालते. खोलीबाहेर जा आणि आत येण्याआधी दारामागून नेहमीच्या लाडाच्या नावाने हाक मारा. आवाज बऱ्याचदा दुसऱ्या वाटेने पोचतो. नाही पोचला तर त्या दिवसापुरती पाहुणी व्हा.

१२. तिन्हीसांजा झाल्या की आजी पिशवी भरून "घरी सोड मला" म्हणते. ती तर स्वतःच्याच घरात आहे.

तिचं घर बहुधा लहानपणचं असतं, आईवडिलांचं. आणि कधी कधी "घर" म्हणजे फक्त भीती वाटत नाही अशी जागा. दिवस मावळला की थकवा, लांब सावल्या आणि घरातली गडबड यांनी गोंधळ वाढतो. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, पडदे ओढा, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा, चारनंतरचा चहा टाळा. "हेच तुझं घर" असं समजावण्यापेक्षा "घरी कोण कोण असतं गं तुझ्या?" विचारा आणि बोलत बोलत अंगणात एक फेरी मारा. ती एकटी बाहेर पडू शकते हे धरून चाला. पदराच्या आतल्या बाजूला किंवा गळ्यातल्या पेंडंटवर तुमचा मोबाइल नंबर असू द्या.

१३. अंघोळीला नेलं की बाबा मारामारीवर येतात. आयुष्यभर पहाटे थंड पाण्याने अंघोळ करणारा माणूस!

अंघोळ हे त्यांच्या दृष्टीने काय आहे ते बघा. कोणीतरी कपडे काढतंय, फरशी गार आहे, गीझरचा आवाज येतोय, आणि अचानक डोक्यावर पाणी. अंतर आणि खोलपणा नीट कळत नसल्यामुळे पांढऱ्या फरशीवरची पांढरी बादली दिसत नाही. त्यात सून किंवा मुलगी समोर, म्हणजे लाज.

"अंघोळ" हा शब्दच काढू नका. "पूजेला बसायचंय ना?" किंवा "दाढी करू या" इथून सुरू करा. मोरी आधी उबदार करा. गडद रंगाची बादली, खाली न घसरणारी चटई, बसायला स्टूल. अंगावर मोठा पंचा राहू द्या आणि त्याच्या आतून धुवा. पहिला तांब्या पायांवर, मग गुडघे, मग हात. डोकं सर्वांत शेवटी, किंवा त्या दिवशी नाहीच. एक साबण त्यांच्या हातात द्या, हात गुंतलेले राहतात. नाहीच जमलं तर गरम ओल्या टॉवेलने पुसून काढा. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आपला संस्कार आहे, पण त्यांच्या तब्येतीला आठवड्यातून दोन-तीनदा पुरते.

१४. आई शिव्या देते, ओरबाडते. आयुष्यात तिच्या तोंडून शिवी ऐकली नव्हती.

आधी दुखणं शोधा. ज्या माणसाला "माझी दाढ दुखतेय" हे सांगता येत नाही, तो ते हातापायांनी सांगतो. दात, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, कमरेवरची जखम, घट्ट झालेली चप्पल. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेदनेवर पद्धतशीर उपचार केल्यावर डिमेन्शियाच्या रुग्णांचा आक्रस्ताळेपणा कमी झाला होता. मागून येऊन हात लावणं, दोघांनी एकदम सूचना देणं, घाई करणं यांनीही हात उगारला जातो. उगारलाच तर हात धरून ठेवू नका. दोन पावलं मागे या, खोलीबाहेर जा, दहा मिनिटांनी काही झालंच नाही असं परत या. त्यांच्या दृष्टीने बहुधा काही झालेलं नसतं.

शिव्यांचे शब्द मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठतात. रस्त्यात ऐकलेल्या शिव्या तिथे असणारच. त्या वापरायच्या नाहीत असा तिचा निश्चय होता, तो निश्चय आजाराने नेला.

१५. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई रोज विचारते, "हे आले नाहीत अजून?" खरं सांगायचं की खोटं?

खरं सांगितलं तर ती आज पहिल्यांदाच विधवा होते. उद्या पुन्हा. रोज एका बाईला वैधव्याची बातमी देण्यात मला काही सत्यनिष्ठा दिसत नाही. "त्यांची आठवण येतेय का? चहात साखर किती लागायची त्यांना?" असं विचारून तिला बोलू द्या. यात खोटंही नाही आणि घावही नाही. मात्र तिने डोळ्यांत डोळे घालून "ते गेले का?" असं थेट विचारलं, तर हो म्हणा आणि जवळ बसा. असे स्वच्छ क्षण येतात, त्यांची फसवणूक करू नये.

१६. सांगायला लाज वाटते. सासरे कामवाल्या ताईंना नको तिथे हात लावतात.

सांगितलंत ते बरं केलंत. आवर घालणारा भाग निकामी झाल्याने हे होतं. कधी समोरची बाई त्यांना पत्नी वाटते. कधी कपडे काढण्यामागे फक्त उकाडा किंवा लघवीची घाई असते. पार्किन्सनसाठीच्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी कामवासना आणि जुगाराची ओढ वाढू शकते, तेव्हा औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

पण आजार आहे म्हणून त्या ताईंनी सोसायचं, असं मुळीच नाही. त्यांना स्पष्ट सांगा, त्यांच्यावर अविश्वास दाखवू नका, त्या एकट्या खोलीत जाणार नाहीत असं पाहा आणि अंगाला हात लावायच्या कामांसाठी पुरुष मदतनीस नेमा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आजोबांसोबत एकटं ठेवू नका. सासऱ्यांना मोजक्या शब्दांत "हे नाही चालणार" म्हणून हात बाजूला करा आणि लगेच दुसरं काहीतरी हातात द्या. ओरडणं किंवा लाज काढणं निरुपयोगी ठरतं.

१७. आजाराने मुखवटा उतरला आणि हाच त्यांचा खरा स्वभाव होता, असं नातेवाईक म्हणतात. खरं आहे का?

नाही. मनात येणारं सगळं न बोलणं, राग आला तरी हात न उचलणं, ही माणसाने आयुष्यभर रोज केलेली निवड असते. ती निवडच त्याचा स्वभाव होता. निवडणारा भाग नष्ट झाल्यावर जे उरतं ते अधिक खरं कसं? नातेवाइकांना हे एकदा स्पष्ट ऐकवा.

१८. माझे वडील आधीपासूनच मारकुटे होते. आता सगळे म्हणतात "आजारी आहेत, समजून घे". मी काय समजून घेऊ?

जुना छळ आजाराने माफ होत नाही. वरचं उत्तर तुमच्या घराला लागू पडत नाही आणि तुम्हाला कोणी ते ऐकवत असेल तर ऐकू नका. त्यांची सोय लावणं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना भरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जबाबदारी मदतनीस, काळजी केंद्र, भावंडांत वाटलेला खर्च यांतून पार पडू शकते. दुसरी तुमच्या इच्छेवर आहे. आईला अजूनही मार बसत असेल, तर तिला वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या घरात हलवणं हे पहिलं काम.

१९. शांत राहण्यासाठी गोळी देता येते का?

येते, पण ती पहिली पायरी नाही. दुखणं, संसर्ग, झोप, आसपासची गडबड हे सगळं पाहून झाल्यावरही स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, तर सायकिअ‍ॅट्रिस्ट कमी मात्रेत, थोड्या काळासाठी औषध देतात. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला. म्हणून ठरावीक काळाने "आता बंद करता येईल का?" हे तुम्हीच विचारा.

लुई बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखं औषध जीवावर बेतू शकतं. तातडीच्या विभागात जावं लागलं तर हे पहिल्या वाक्यात सांगा, शक्य तर कागदावर लिहून फाइलच्या वर लावा. अल्झायमरमध्ये उपयोगी पडणारं डोनेपेझिल फ्रंटोटेम्पोरल प्रकारात फायदा देत नाही, उलट काहींची अस्वस्थता वाढवतं. शेजारच्या काकांची गोळी म्हणूनच चालत नाही.

२०. गावाकडचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. देवर्षीकडे नेऊ का?

नका नेऊ. देवाला हात जोडा, अंगारा लावा, त्याने कोणाचं बिघडत नाही. पण भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यात गेलेले महिने उपचारातून वजा होतात.

२१. पन्नास वर्षं मुंबईत राहिलेली आई आता फक्त मालवणीत बोलते. नातवंडांना कळत नाही.

नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, आईच्या कुशीतली शेवटपर्यंत राहते. परदेशातल्या मराठी घरांत हे फार जाणवतं. तिथल्या काळजी केंद्रात इंग्रजी उत्तर न देणाऱ्या आजींबद्दल त्या "बोलतच नाहीत" अशी नोंद होते. पाणी, लघवी, दुखतंय, भूक, झोप असे दहा-पंधरा शब्द तिच्या बोलीत लिहून पलंगाजवळ लावा. आणि हरिपाठ, आरत्या, पाढे लावून पाहा. वाक्य पुरं करता न येणारी माणसं "सुखकर्ता दुःखहर्ता" अखंड म्हणतात.

२२. उलटंही होतं का? आमची कडक आजी आता गालावरून हात फिरवते.

होतं, काही घरांत. घ्या तो हात. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

२३. मलाही होईल का?

उशिरा होणाऱ्या अल्झायमरमध्ये आईवडिलांना असल्यास धोका थोडा वाढतो, खात्री नसते. थेट एका जनुकातून येणारा अल्झायमर अत्यंत दुर्मीळ आहे. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात मात्र घराण्यात आढळण्याचं प्रमाण जास्त आहे. कमी वयात दोघा-तिघांना झालं असेल तर जनुकीय समुपदेशन घ्या. रक्तदाब, मधुमेह, ऐकू न येणं, तंबाखू, व्यायामाचा अभाव यांकडे चाळिशीतच लक्ष द्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात अशा १४ गोष्टींची यादी आहे.

२४. मी थकलेय. कधी कधी वाटतं, हे संपावं. मी वाईट आहे का?

नाही. समोर बसलेल्या माणसासाठीच तुम्ही शोक करताय, आणि त्याला ना तेरावा ना सुतक, त्यामुळे कोणी सांत्वनालाही येत नाही. आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाका. विनंती नको, वेळापत्रक करा. टेली-मानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन तुमच्यासाठीही आहे, फक्त रुग्णासाठी नाही. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइन १४५६७. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात काळजी घेणाऱ्यांच्या गटाची चौकशी करा. आपल्यासारखंच घर असलेली दुसरी बाई भेटणं याला तोड नाही. जगू नये असं वाटत असेल तर आजच फोन करा.

२५. बाबा कुणालाही पैसे देतात. मुखत्यारपत्र करून घेतलं की झालं ना?

इथे अनेक घरं फसतात. भारतात साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की संपतं. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २०१ तसं सांगतं. म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. निदान लवकर झालं असेल तर समज शाबूत असतानाच खाती संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा, यूपीआयची मर्यादा कमी करा, मोठ्या ठेवी सहज मोडता येणार नाहीत अशा ठेवा. समज गेल्यानंतर मालमत्तेचे व्यवहार करायचे तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत, पण वेळ आणि पैसा लागतो.

मृत्युपत्राचं थोडं वेगळं आहे. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणून ते आपोआप रद्द ठरत नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार, करतेवेळी मन ठिकाणावर होतं का हे पाहिलं जातं. त्यामुळे त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार, आणि शक्यतो नोंदणी, एवढं करा. निदानानंतर एकाच मुलाने एकट्याने नेऊन केलेल्या मृत्युपत्रावर पुढे भावंडांत दावे लागतात. सगळ्यांना आधी कळवा.